कुंपणाबाहेरचा आराखडा कुठे आहे?

इंदापूर तालुक्यातील जंक्शन, भरणेवाडी, अंथुर्णे आणि लासुर्णे या गावांच्या शिवारात शेती महामंडळाची जमीन आहे. ती औद्योगिक वसाहतीसाठी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एमआयडीसीकडे, सोपवण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला आहे. वालचंदनगरच्या उंबरठ्यावर नवी वसाहत येणार म्हटल्यावर परिसरात आनंद होणे स्वाभाविक आहे. आयटीआय करून घरी बसलेल्या पोराच्या बापाला त्यात नोकरी दिसते, रस्त्याकडेच्या शेतकऱ्याला जमिनीचा भाव दिसतो, पुढाऱ्याला भूमिपूजनाची कोनशिला दिसते. तालुक्यात उद्योग यावेत याला आमचा विरोध नाही. ते यायलाच हवेत. आमचा प्रश्न एकच आहे आणि तो आज विचारला नाही तर पुढे विचारण्यात अर्थ राहणार नाही. कुंपणाच्या आतला आराखडा एमआयडीसी करील, कुंपणाबाहेरचा कोण करणार?

हा प्रश्न आडमुठेपणाचा वाटत असेल, तर आधी या जमिनीचा इतिहास पाहावा. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि अवर्षणाच्या या पट्ट्यात उसाची शक्यता निर्माण झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साखर कंपन्यांनी पुणे, नगर, सोलापूर, नाशिक या जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. पुढे कमाल जमीनधारणेचा १९६१ चा कायदा आला. कंपन्यांच्या ताब्यातली हजारो एकर शेती सरकारने घेतली आणि ती कसण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन केले. जमीन कंपनीकडून सुटली, पण ज्यांनी ती खंडाने दिली होती त्यांच्याकडे परतली नाही. त्या खंडकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लढा दिला. कॉम्रेड माधवराव गायकवाड यांच्यासारख्या नेत्यांनी त्यात आयुष्य घातले. कायद्यात दुरुस्त्या होऊन २०१२ पासून प्रत्यक्ष जमीन वाटप सुरू झाले, तोवर मूळ खंडकऱ्यांपैकी कितीतरी जण हयात नव्हते. महामंडळाच्या मळ्यांवर ज्यांनी उभा जन्म काढला त्या कामगारांची राहत्या जागेची आणि थकलेल्या देण्यांची मागणीही अशीच वर्षानुवर्षे फायलीतून फिरत राहिली.

म्हणजे या शिवारातल्या मातीने ‘सार्वजनिक हित’ हा शब्द एकदा नव्हे, अनेकदा ऐकला आहे. साखर धंद्याच्या उभारणीसाठी ती खंडाने गेली, समाजवादी शेतीच्या प्रयोगासाठी ती महामंडळाकडे गेली, आता औद्योगिक विकासासाठी ती एमआयडीसीकडे जात आहे. पहिल्या दोन वेळी आश्वासने मोठी होती आणि हिशेब झाला तो फार उशिरा, तोही कोर्टकचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्यानंतर. तिसऱ्या वेळी तरी हिशेब आधी मांडला जावा, एवढी मागणी करण्याचा अधिकार या गावांना आहे.

हा हिशेब मांडायचा कुणी, इथून खरी चिंता सुरू होते. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, २०१५ मध्ये स्थापन झाले. पण बारामती आणि इंदापूर हे तालुके त्याच्या हद्दीत येत नाहीत. जिल्ह्याची प्रादेशिक योजना १९९७ मध्ये मंजूर झालेली. ती तयार झाली तेव्हा आजचा पालखी महामार्ग नव्हता, आजची वाहने नव्हती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुंठ्यागुंठ्याने प्लॉट पाडण्याची आजची घाईही नव्हती. ग्रामपंचायतींकडे ना नगररचनाकार, ना अभियंता. गावठाणाबाहेरच्या परवानग्या जिल्हाधिकारी कार्यालय आणि नगररचना विभाग यांच्या टेबलांवरून फिरतात. एमआयडीसी मात्र आपल्या अधिसूचित क्षेत्रापुरती विशेष नियोजन प्राधिकरण असते. वसाहतीचा नकाशा तिच्याच दप्तरात तयार होतो आणि मंजूर होतो. आतल्या रस्त्याची रुंदी, भूखंडाचा आकार, सामासिक अंतर, सारे तिथे ठरते आणि बहुधा नीट ठरते. अडचण आत नाहीच. वसाहतीच्या फाटकातून बाहेर पडणारा ट्रक, सांडपाणी आणि संध्याकाळी सुटणारा कामगार ज्या गावात शिरतो, त्या गावाचा नकाशा कुणाच्याच टेबलावर नसतो.

इथे आणखी एक मेख आहे. खासगी शेतजमीन औद्योगिक वसाहतीसाठी घ्यायची झाली तर एमआयडीसीच्या १९६१ च्या कायद्याने मालकाला नोटीस द्यावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते. त्या निमित्ताने का होईना, गावात चर्चा होते, हरकती लिहिल्या जातात, मोर्चे निघतात, वर्तमानपत्रांत बातम्या येतात. इथे जमीन सरकारच्याच एका महामंडळाची आणि घेणारेही सरकारचेच दुसरे महामंडळ. नोटीस द्यायची तर ती सरकारने सरकारला द्यायची! संपादनच नसल्यामुळे २०१३ च्या भूसंपादन कायद्यातला सामाजिक परिणामांचा अभ्यासही लागू होत नाही. चार गावांच्या मधोमध एवढा मोठा बदल घडणार आणि कायद्याच्या कोणत्याही कलमाने त्या गावांना ‘तुमचे काय म्हणणे आहे’ असे विचारणे बंधनकारक नाही. ज्यात कुणाची जमीन जात नाही तो प्रकल्प निर्विघ्न पार पडतो, असे मंत्रालयात समाधानाने म्हटले जाते. आमच्या मते तोच सर्वांत धोकादायक, कारण त्याला अडवून प्रश्न विचारणारा कुणी उरत नाही.

पर्यावरणाच्या नियमांतही अशाच फटी आहेत. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाची २००६ ची केंद्रीय अधिसूचना सांगते की, औद्योगिक वसाहत ५०० हेक्टरांपेक्षा लहान असेल आणि तिच्यात अधिसूचनेतल्या ‘अ’ किंवा ‘ब’ गटाचा उद्योग नसेल, तर वसाहत म्हणून तिला पूर्वपरवानगी लागत नाही. बिझनेस पार्कसारख्या मोठ्या इमारतींना, म्हणजे २० हजार चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामांना, परवानगी लागते; पण बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. थोडक्यात, वसाहत लहान ठेवली तर एक दार उघडे, कारखान्यांऐवजी काचेच्या इमारती बांधल्या तर दुसरे. आज ‘प्रदूषण न करणारे उद्योग’ म्हणून मांडलेली वसाहत उद्या रिकाम्या भूखंडांच्या दडपणाखाली कोणत्याही उद्योगाला दार उघडू शकते. तसे होणार नाही हे लेखी कोण देणार?

कुंपणाबाहेरचा आराखडा नसला की काय होते, हे पाहायला परराज्यात जायला नको. याच जिल्ह्यात हिंजवडी आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे एमआयडीसीने राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारायला घेतले. जगातल्या नामांकित कंपन्या आल्या, लाखो तरुणांना नोकऱ्या मिळाल्या, पुण्याचे नाव झाले. हे यश खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण पार्कच्या आत एमआयडीसी, बाहेर पीएमआरडीए, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे, शेजारी पिंपरी-चिंचवड महापालिका आणि या सगळ्यांच्या मधोमध हिंजवडी, माण, मारुंजीच्या ग्रामपंचायती, अशी वाटणी झाली. ओढे बुजले, नाल्यांवर बांधकामे झाली, पहिल्या मोठ्या पावसात रस्त्यांचे ओढे होऊ लागले. पाच-सात किलोमीटरसाठी तासभर लागणे हे तिथल्या नोकरदाराच्या दिनक्रमाचा भाग झाले. शिवाजीनगरला जोडणाऱ्या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोची पायाभरणी झाली ती डिसेंबर २०१८ मध्ये, पार्क सुरू होऊन दोन दशके होत आल्यावर. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. जुलै २०२५ मध्ये, अजित पवार पालकमंत्री असताना, भल्या पहाटे हिंजवडीच्या पाहणीला गेले आणि तिथल्या सरपंचांपुढे त्यांचा संताप उघडपणे व्यक्त झाला. आयटी पार्क पुण्यातून, महाराष्ट्रातून बाहेर, बेंगळुरू-हैदराबादला चालले आहे, हीच त्यांच्या बोलण्यातली तक्रार होती. ज्या बारामतीच्या नियोजनाचे दाखले राज्यभर दिले जातात, त्या बारामतीच्या नेत्यालाही हिंजवडीत पंचवीस वर्षांची चूक एका पहाटेत निस्तरता आली नाही. मग आपल्याकडे ती होऊच नये यासाठी काय केले जात आहे, हे विचारणे म्हणजे विकासाला खीळ घालणे होत नाही.

प्राधिकरण असले की सगळे सुरळीत होते, असेही नाही. पीएमआरडीएने २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला. त्यावर सुमारे ६७ हजार हरकती आणि सूचना आल्या. सुनावण्या झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये तो आराखडाच रद्द झाला. यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. विचारले तर लोक बोलतात, हजारोंच्या संख्येने बोलतात, ही एक. आणि लोकांना शेवटी विचारले तर आराखडा टिकत नाही, ही दुसरी. इंदापूरच्या या गावांना अजून शेवटी नव्हे, सुरुवातीलाच विचारण्याची संधी आहे.

विचारायचे पहिले काय, तर पाणी. नीरा डाव्या कालव्यावर इंदापूर तालुका शेपटाला आहे. टेलच्या शेतकऱ्याला आवर्तन म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. वर पाणी पुरले तर खाली येते, नाहीतर येत नाही. भाटघर, वीर, नीरा देवघर या धरणांच्या पाण्यावरून डावा कालवा आणि उजवा कालवा, बारामती-इंदापूर आणि फलटण-माळशिरस यांच्यात किती राजकारण पेटते, हे गेल्या काही वर्षांत सगळ्यांनी पाहिले आहे. उजनीच्या पाण्यावरच्या लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेला २०२२ मध्ये गती मिळताच सोलापूर जिल्ह्यातून आंदोलने झाली. म्हणजे या भागात पाण्याचा मोकळा थेंब नाही. नव्या वसाहतीला लागणारा प्रत्येक लिटर कुणाच्या तरी आवर्तनातून, कुणाच्या तरी पिण्याच्या योजनेतून किंवा कुणाच्या तरी विहिरीखालून येणार आहे. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा क्रम होता. शेतकऱ्यांच्या रेट्यामुळे तो २०११ मध्ये बदलला आणि शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. हा क्रम कागदावर राहणार की कालव्याच्या दारावर, याची कसोटी अशाच वसाहतींत लागते. पाणी कुठून घेणार, किती घेणार, दुष्काळी वर्षात कुणाचे आधी तोडणार, हे आकड्यांसह जाहीर झाल्याशिवाय एकही भूखंड वाटला जाऊ नये.

दुसरे, सांडपाणी. पाणी घेताना जेवढी चर्चा होते, तेवढी ते सोडताना होत नाही. शेजारच्या दौंड तालुक्यात कुरकुंभची रासायनिक वसाहत आहे. तिथल्या विहिरींच्या, वासाच्या, आगीच्या तक्रारींवर आजवर किती बैठका झाल्या याची मोजदाद नाही. नीरेच्या काठच्या शेतकऱ्यांनी नदीतल्या काळ्या पाण्याविरुद्ध वेळोवेळी आवाज उठवला आहे. जंक्शन-अंथुर्णे परिसराचा उतार, त्यातले ओढे आणि चाऱ्या शेवटी नीरेकडेच जातात, आणि नीरा पुढे नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळते. वसाहतीतले सांडपाणी शुद्ध करण्याची सामाईक यंत्रणा पहिल्या कारखान्याच्या आधी चालू व्हावी, नंतर नव्हे. यंत्रणा उभारायला पैसे भूखंड विकून येतील, हा हिशेब आम्हांला मान्य नाही. तोपर्यंतची पाच वर्षे ओढ्याने का सोसायची?

तिसरे, रस्ता. पाटसहून बारामती, इंदापूरमार्गे जाणारा संत तुकाराम महाराज पालखी महामार्ग याच गावांमधून जातो. बेलवाडीला गोल रिंगण होते, अंथुर्णे, निमगाव केतकी असे करत पालखी इंदापूरकडे जाते. आषाढात या रस्त्यावर वारकऱ्यांचा समुद्र असतो, हिवाळ्यात ऊसगाड्यांची रांग. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे एसटी किती वेळ रेंगाळते, हे या भागातल्या प्रत्येक प्रवाशाला माहीत आहे. त्यात वसाहतीचे कंटेनर आणि पाळ्यांच्या बसगाड्या आल्या की काय होईल? वसाहतीचे फाटक थेट महामार्गावर उघडणार की वेगळा जोडरस्ता होणार, वालचंदनगरला जाणारा रस्ता रुंद कुणी करायचा, पालखीतळाची जागा कायम राहणार की नाही, हे प्रश्न दिसायला बारीक आहेत. माणसे मरतात ती अशाच बारीक प्रश्नांमुळे.

आणि चौथे, घरे. वसाहत आली की कामगार येतात. त्यांच्यासाठी घरे बांधण्याची तरतूद वसाहतीत नसली की आसपासच्या शेतात खोल्या उभ्या राहतात. शेतकरी उसापेक्षा खोल्यांचे भाडे बरे म्हणतो, आणि त्याचे चूक नाही. मग दलाल येतात, तुकडेबंदीचा कायदा असतानाही गुंठ्याचे सौदे साध्या कागदावर होतात, रस्ता न सोडता, गटार न काढता वस्ती दाट होते. दहा वर्षांनी त्याच वस्तीला ‘बेकायदा’ म्हणून नोटिसा जातात आणि त्याच नोटिसा निवडणुकीच्या तोंडावर मागे घेतल्या जातात. चाकणपासून रांजणगावपर्यंत हेच घडले. वसाहतीची घोषणा झाल्या दिवसापासून आजूबाजूच्या सात-बारांची खरेदी-विक्री कोण करतो आहे, यावर महसूल खात्याने लक्ष ठेवले पाहिजे. घोषणेआधीच ज्यांना वास लागला होता, अशांची नावे निघाली तर ती लोकांसमोर यायला हवीत.

इथे वालचंदनगरकडेच पाहावे. वालचंद हिराचंद यांनी जहाज कंपनी काढली, बेंगळुरूला विमानाचा कारखाना काढला, मोटारी बनवल्या. पण इंदापूरच्या माळावर त्यांनी निव्वळ कारखाना नव्हे, गाव वसवले. कामगारांच्या वसाहती, पाण्याची सोय, दवाखाना, शाळा, बाजार, क्रीडांगण हे सगळे धूर निघण्याबरोबरच उभे राहिले. साखर कारखान्यांची यंत्रे बनवणारे इथले हात पुढे इस्रोच्या प्रक्षेपकांच्या मोटारींची कवचे बनवू लागले. ज्या काळात प्रादेशिक नियोजनाचा कायदा या राज्यात नव्हता, त्या काळात एका उद्योजकाने कामगाराच्या घराचा विचार कारखान्याच्या यंत्रांसोबत केला, आणि आज १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, दोन-दोन महामंडळे आणि चार-चार खाती असताना तेवढा विचार होईल की नाही याची धाकधूक वाटावी, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

वालचंदनगरचे गुणगान करताना त्याची उणीवही सांगितली पाहिजे. ते गाव एका कंपनीचे होते. नळ कंपनीचा, दिवा कंपनीचा, घर कंपनीचे. कंपनीचे चांगले चालले तेव्हा गावाचे चांगले चालले. कंपनीला झळ बसली की बाजारपेठेतल्या किराणा दुकानाच्या वहीत उधारी वाढली. गावाला स्वतःचा नगराध्यक्ष, स्वतःचा अर्थसंकल्प, स्वतःची तक्रार करण्याची जागा नव्हती. म्हणून आम्ही कंपनीचे गाव पुन्हा मागत नाही. त्या गावात नियोजन होते पण लोकशाही नव्हती. आजच्या पद्धतीत लोकशाहीचा गजर आहे आणि नियोजनाचा पत्ता नाही. दोन्ही एकत्र हवे, असे म्हणणे फार मोठी अपेक्षा ठरू नये.

‘आधी उद्योग येऊ द्या, मग बघू’ असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद आम्हांला माहीत आहे. ते म्हणतात, इतके प्रश्न विचारले तर उद्योजक शेजारच्या जिल्ह्यात जाईल. तालुक्यातली मुले चाकणला, भोसरीला खोल्या करून राहतात, त्यांना घरी आणायचे आहे. हे दुःख खोटे नाही. पण ‘स्थानिकांना ८० टक्के रोजगार’ या सरकारी धोरणात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य असलेला, लासुर्ण्याचा किंवा कळंबचा नव्हे, हे किती जणांना सांगितले गेले आहे? यंत्रांवर चालणाऱ्या आजच्या कारखान्यात आणि बिझनेस पार्कच्या कचेऱ्यांत कोणत्या कौशल्याची किती माणसे लागतील, आणि ती शिकवण्याची सोय वालचंदनगर-इंदापुरात आहे का, हे आधी तपासले नाही तर स्थानिकांच्या वाट्याला पहारेकरी, माळी आणि कंत्राटी हमाली एवढेच येईल. शिवाय, गंभीर उद्योजक नियोजन पाहून पळत नाही. तो पाण्याची खात्री, रस्त्याची खात्री आणि वादमुक्त जमीन पाहून येतो. प्रश्न टाळून मिळवलेली घाई त्याला पाच वर्षांनी हिंजवडीसारखी महाग पडते.

जमिनीच्या लाभात लोकांना वाटा देण्याची दोन उदाहरणे याच जिल्ह्यात आहेत. मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशे एकरांवरची जमीन एकत्र करून स्वतःच नगर वसवले, जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भागधारक झाले आणि आयटी कंपन्यांना जागा भाड्याने दिली. खेडच्या सेझमध्ये मात्र १५ टक्के परताव्याच्या जमिनीसाठी शेतकरी वर्षानुवर्षे हेलपाटे घालत राहिले. पहिल्या ठिकाणी आराखडा शेतकऱ्यांच्या हातात होता, दुसऱ्या ठिकाणी आश्वासन. इंदापुरात जमीन सरकारची असल्यामुळे शेतकऱ्यांचा वाटा नाही, असे म्हणून विषय संपत नाही. ज्यांच्या आजोबांनी ती खंडाने दिली, ज्यांनी मळ्यावर राबून ती राखली आणि ज्यांच्या शेताला तिचे सांडपाणी लागणार, त्यांचा तिच्यावर नैतिक हक्क आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. खंडकऱ्यांचे आणि महामंडळाच्या कामगारांचे जे दावे या जमिनीशी निगडित आहेत, त्यांची गावनिहाय यादी जाहीर करावी आणि निकाल लागेपर्यंत तेवढी जमीन वाटपातून वगळावी. तालुक्यात लोणी देवकरची औद्योगिक वसाहत आधीच आहे. तिथले किती भूखंड दिले, किती चालू आहेत, किती नुसते अडवून ठेवले आहेत, याचा तक्ता प्रसिद्ध करावा आणि अडवलेले परत घ्यावेत. वसाहतीभोवती ठरावीक अंतरापर्यंतचा परिसर आराखडा जिल्हाधिकारी, नगररचना विभाग, एमआयडीसी, जलसंपदा विभाग आणि चारही ग्रामपंचायतींनी मिळून करावा; त्यात ओढ्यांच्या रेषा, चाऱ्या, जोडरस्ते, पालखीतळ, कामगारांची घरे, शाळा आणि दवाखाने जागेसह दाखवावेत. तो मराठीत, गावाच्या चावडीवर, ग्रामसभेपुढे मांडावा आणि हरकतींना लेखी उत्तरे द्यावीत. कायद्याने सुनावणी बंधनकारक नसली तरी ती घेण्यास कायद्याने मनाई केलेली नाही. कोणत्या गटाचे उद्योग इथे कधीही येणार नाहीत, ते अधिसूचनेतच नमूद करावे. वसाहतीतून मिळणाऱ्या करातला ग्रामपंचायतींचा वाटा किती आणि तो कधी मिळणार, हे करार करून ठरवावे. आणि ठरावीक मुदतीत उत्पादन सुरू न करणाऱ्याचा भूखंड परत घेण्याचा नियम इथे अपवादाविना राबवावा, कारण शेतीसाठी राखलेली सरकारी जमीन दलालांची गुंतवणूक होणे यासारखी दुसरी थट्टा नाही.

२००८ च्या सप्टेंबरात रायगड जिल्ह्यात महामुंबई सेझच्या प्रश्नावर पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांचे मत सरकारने घेतले होते. त्याचा निकाल अधिकृतपणे कधी जाहीर झाला नाही, पण लोकांना विचारता येते, हे तेव्हा सिद्ध झाले. पेणमध्ये प्रकल्प घालवण्यासाठी लोक उभे राहिले होते. इंदापुरात प्रकल्प नीट व्हावा म्हणून उभे राहायचे आहे, आणि हे काम त्याहून अवघड आहे. विरोधाला एक घोषणा पुरते. नियोजनासाठी नकाशे वाचावे लागतात, आकडे मागावे लागतात, बैठकांना पुन्हा पुन्हा जावे लागते. जंक्शन, भरणेवाडी, अंथुर्णे, लासुर्णे, आणि त्यांच्यासोबत कळंब-वालचंदनगर, यांनी विशेष ग्रामसभा बोलावून आराखड्याची लेखी मागणी आत्ताच नोंदवावी. तालुक्याच्या लोकप्रतिनिधींनी ती मागणी विधानसभेत मांडावी. ती पूर्ण होईपर्यंत भूमिपूजनाचा नारळ कुणीही फोडू नये, आणि फोडायला आलाच तर गावकऱ्यांनी हार घालण्याआधी त्याच्याकडे नकाशा मागावा.